टिपणांची रुजुवात

अहमदनगर, म्हणजे आता सरकारदरबारी अहिल्यानगर, या जिल्ह्यातील गावांची यादी संगणकाच्या हवाली करून ती अकारविल्हे लावण्याची आज्ञा केली, तर क्षणार्धात जी यादी हाती येते तीत राळेगण सिद्धी हे गाव राहाता आणि राहुरी या दोन्ही तालुक्यांच्या ठाण्यांआधी येऊन बसलेले दिसते. आणि ज्याने प्राथमिक शाळेत 'ह'नंतर 'ळ' घोकला आहे, त्या कोणाही मराठी माणसास ही मांडणी बिघडलेली आहे हे नजर फिरवताच कळते. यंत्राचा यात वस्तुतः काही अपराध नाही. जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची जी सारणी १९९१ साली प्रसिद्ध झाली, तिने 'ल'ला २३५४, 'ळ'ला २३५५ आणि 'ह'ला २३६१ हे क्रमांक दिले. ज्या भारतीय संहितेवरून हा क्रम घेतला गेला, ती देशातील सर्व प्रमुख लिप्यांना एकाच चौकटीत बसविण्यासाठी सिद्ध झालेली होती, आणि त्या चौकटीत मराठी वर्णमालेच्या शेवटच्या रांगेचा मान राखण्याइतकी ऐसपैस जागा नव्हती. यंत्र अंकांच्या क्रमाने चालते. राळेगणाची कीर्ती अथवा आपली वर्णमाला यांपैकी त्यास काहीच ठाऊक नसते.

ही चूक दुरुस्त करण्यास फार मोठी विद्या लागत नाही. क्रम लावण्यापूर्वी 'ळ'च्या जागी 'ह'च्या पुढचा एखादा तात्पुरता क्रमांक धरावा, 'क्ष' आणि 'ज्ञ' या जोडाक्षरांनाही त्याच्या मागोमाग नेऊन बसवावे, आणि काम उरकल्यावर मूळ अक्षरे परत आणावीत. सारा मिळून आठ-दहा ओळींचा मजकूर. असा मजकूर कोणीतरी आपल्या निकडीपायी प्रथम लिहितो, आपल्या कामापुरता तपासतो, आणि दुसऱ्या कोणाची तीच अडचण असेल तर त्याचे श्रम वाचावेत म्हणून चव्हाट्यावर ठेवून देतो. प्रोग्रामर मंडळींच्या बोलण्यात त्यास 'स्निपेट' म्हणतात. तो उचलून आपल्या कामात चिकटविण्यास 'कॉपी-पेस्ट' म्हणतात, आणि हे शेवटचे काम सर्वजण करीत असूनही ते केल्याची कबुली देताना मात्र थोडे ओशाळतात. मी त्यास टिपण म्हणतो. ग्रंथाचे गांभीर्य त्यात नाही, संपूर्ण आज्ञावलीचा पसारा नाही, आणि कर्त्याचे नाव पुष्कळदा इतके त्रोटक की त्यावरून तो कोणत्या देशीचा याचाही अंदाज बांधता येऊ नये. तथापि आज बँकेची पावती, एसटीचे तिकीट, शाळेचा दाखला यांच्यापाठीमागे जी यंत्रणा राबते, तिच्यात अशा अनामिक टिपणांचा भरणा किती आहे, हे त्या यंत्रणेच्या मालकांसही सांगता येणार नाही.

ही चाल नवी नव्हे. १९४९ साली केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हा संगणक चालू झाला, तेव्हाच त्याच्या कर्त्यांच्या ध्यानात आले की वर्गमूळ काढणे, अंक छापणे अशी ठरावीक कामे प्रत्येकाने नव्याने लिहिणे हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे. म्हणून त्यांनी अशा तुकड्यांच्या कागदी पट्ट्या छिद्रे पाडून एका पोलादी कपाटात जपून ठेवल्या, आणि विल्क्स, व्हीलर व गिल या त्रयीने १९५१ साली त्यांवर पुस्तकही लिहिले. त्या कपाटातल्या प्रत्येक पट्टीबरोबर एक तपशीलवार कैफियत असे: ही पट्टी काय करते, किती जागा घेते, किती वेळ लावते. पुढे ७ एप्रिल १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील स्टीव्ह क्रॉकर या विद्यार्थ्याने, ज्या जाळ्यातून पुढे इंटरनेट निपजले त्याविषयीचे पहिले टिपण लिहिले. घरातल्यांची झोपमोड होऊ नये म्हणून तो ते रात्री न्हाणीघरात बसून लिहीत होता, आणि आपण कोणावर हुकूम गाजवीत आहोत असा समज होऊ नये म्हणून त्याने त्या मालिकेस 'अभिप्रायासाठी विनंती' असे नम्र नाव दिले. ती मालिका अद्याप चालू आहे. २००८ साली अशी टिपणे ठेवण्याची नि शोधण्याची सार्वजनिक ठाणी उभी राहिली, आणि पोलादी कपाट जगभर पसरले. कैफियत लिहिण्याची शिस्त मात्र त्या प्रमाणात पसरली नाही, आणि माझ्या तक्रारीचा मुद्दा तोच आहे.

मराठीपुरते पाहू. मराठी मजकुरावर काम करणाऱ्यास जी टिपणे हरघडी लागतात, त्यांतील सर्वांत लहान अंकांचे आहे. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८ आणि देवनागरी शून्याचा २४०६. म्हणजे कोणत्याही इंग्रजी अंकाच्या क्रमांकात २३५८ मिळविले की तो देवनागरी होतो. एका ओळीचे काम, आणि ते करणाऱ्यास जादूगाराचा आनंद देणारे. परंतु हीच एक ओळ संपूर्ण मजकुरावर सरसकट फिरवली, तर खातेक्रमांक, दूरध्वनिक्रमांक आणि संगणकीय पत्ते यांतील अंकही बदलून बसतात, आणि पुढच्या यंत्राने ते ओळखावेत की नाही हे त्या यंत्राच्या मर्जीवर राहते. पायथन या संगणकभाषेस '१२' ही संख्या देवनागरीत दिली तरी ती तिला बारा म्हणून मान्य असते. जावास्क्रिप्ट तीच संख्या नाकारते. ज्याच्या टिपणात हा एक भेद नोंदलेला असतो त्याने केवळ लिहिले नाही, वापरून पाहिले आहे, हे समजते.

याहून गहन प्रकरण अकोले तालुक्यात सापडते. भंडारदरा धरणाचे नाव प्रथमेत असेतोवर संगणकास काही अडचण नाही. ते विभक्तीत गेले, 'भंडारदऱ्याचे पाणी' झाले, की त्यात तो अर्धचंद्राकृती रकार उतरतो जो मराठीचे एक ठळक वैशिष्ट्य आहे आणि जो हिंदीला लागत नाही. हा रकार लिहिण्याच्या दोन वाटा आहेत. एकीत २३५३ क्रमांकाचा नुक्तायुक्त 'ऱ', त्यावर हलन्त आणि मग 'य'. दुसरीत साधा 'र', हलन्त, त्यानंतर डोळ्यांस न दिसणारे ८२०५ क्रमांकाचे एक जोडचिन्ह, आणि मग 'य'. पडद्यावर दोहोंचे रूप तंतोतंत सारखे दिसते, छापल्यावरही सारखेच उमटते. पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द होत. एकाने पहिल्या वाटेने लिहिलेला शब्द दुसऱ्याने दुसऱ्या वाटेने शोधला, तर दप्तरात तो असूनही 'आढळला नाही' असा शेरा मिळतो. अदृश्य चिन्हे म्हणजे कचरा, असे समजून ती काढून टाकणारी जी टिपणे इंग्रजी मजकुरासाठी लिहिली गेली, ती कोणी निष्काळजीपणे मराठीवर चालविली, तर 'भंडारदऱ्या'चा 'भंडारदर्या' होतो. इंग्रजी टिपणात चूक नव्हती. ते जेथे लागू पडत नाही तो मुलूख त्यात नोंदलेला नव्हता.

तिसरे उदाहरण शिर्डीचे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी, आणि नंतरही कित्येक वर्षे, मराठी छापखाने, वृत्तपत्रे आणि सरकारी कचेऱ्या श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा टंकांत मजकूर जुळवीत. या टंकांत संगणकाच्या पोटी साठवलेली अक्षरे वस्तुतः इंग्रजी चिन्हांच्या क्रमांकांची असत, आणि केवळ त्यांवर मराठी मुखवटा चढविलेला असे. टंक बदलला की मजकुराची चिन्हांची खिचडी होई. त्यांतील ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना दिसते त्याच क्रमाने व्यंजनाआधी टंकायची, आणि रफार ज्या अक्षरावर चढतो त्याच्या नंतर. म्हणजे 'शिर्डी' या शब्दात प्रथम वेलांटी, मग 'श', मग 'ड', त्याची दीर्घ वेलांटी, आणि सर्वांत शेवटी रफार. युनिकोडात हाच शब्द उच्चाराच्या क्रमाने जातो: श, ऱ्हस्व वेलांटी, र, हलन्त, ड, दीर्घ वेलांटी. जुना मजकूर नव्यात आणणाऱ्या टिपणास नुसती अक्षरागणिक अदलाबदल करून भागत नाही. वेलांटी उचलून पुढे न्यावी लागते, रफार उचलून मागे आणावा लागतो, आणि रफाराखालचे अक्षर साधे नसून 'वर्त्स्य'मधल्याप्रमाणे जोडाक्षर असेल तर आणखी मागे. या रूपांतराची कोष्टके मराठी जाळ्यावर कित्येकांनी लिहिली, एकमेकांकडून घेतली, वाढविली. छापील मराठीचा संगणकात अडकून पडलेला किती मजकूर त्यांमुळे वाचता आला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्या मंडळींनी तो मागितलेलाही नाही.

'शिर्डी' शब्दाची लांबी यंत्रास विचारली तर ते सहा सांगते, आणि आपण दोन अक्षरे मोजतो. नावासाठी ठरावीक घरे आखून दिलेला अर्ज मराठी माणसास अपुरा का पडतो, याचे एक कारण येथे आहे. अधिक खोलात जात नाही.

आता चुकीच्या वंशविस्ताराकडे वळतो. २०१० साली आंद्रेआस लुंडब्लाड या स्वीडिश प्रोग्रामरने, एखाद्या फायलीचा आकार बाइटांत दिला असता तो माणसास वाचता येईल अशा किलोबाइट-मेगाबाइटांत मांडणारे काही ओळींचे टिपण अशाच एका सार्वजनिक ठाण्यावर लिहिले. ते इतके सुबक होते की पुढे झालेल्या एका पाहणीत, त्या प्रसिद्ध ठाण्यावरून सर्वाधिक नकलले गेलेले जावा भाषेतील टिपण तेच निघाले. सहा हजारांहून अधिक प्रकल्पांत त्याच्या प्रती सापडल्या. आणि २०१९ साली स्वतः लुंडब्लाडने जाहीर केले की त्यात दोष आहे. ९,९९,९९९ बाइटांचा आकार त्यास दिला तर '१.० मेगाबाइट' न सांगता ते '१०००.० किलोबाइट' असे सांगे. पूर्णांकन करण्यापूर्वीच परिमाण ठरवून टाकल्याचा हा परिणाम होता. ठाण्यावरचे मूळ टिपण त्याने दुरुस्त केले. सहा हजार प्रकल्पांत गेलेल्या प्रती जेथे होत्या तेथेच राहिल्या, कारण नक्कल घेणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कोठून घेतली याची नोंदच ठेवलेली नव्हती. २०१८ साली बाल्टेस आणि डील या जर्मन संशोधकांनी केलेल्या अभ्यासात असे आढळले होते की उसन्या टिपणांचा त्यांच्या परवान्याच्या अटी पाळून वापर करणारे प्रकल्प फार तर १.८ टक्के होते. श्रेयाची चोरी हा यातील गौण भाग आहे. मूळ ठाऊक नसल्यामुळे दुरुस्ती पोहोचत नाही, हा मुख्य.

असाच दोष आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत निकालपत्रकासाठी फिरणाऱ्या एक्सेल तक्त्यांत संभवतो. सातत्यपूर्ण मूल्यमापनाच्या श्रेणींत ९१ ते १०० गुणांस अ-१ आणि ८१ ते ९० गुणांस अ-२ अशी मर्यादा आहे; तक्त्याच्या सूत्रात ती मर्यादा जशीच्या तशी उतरवली, आणि एखाद्या मुलाची सरासरी ९०.५ आली, तर सूत्राच्या दृष्टीने तो मुलगा कोणत्याच श्रेणीत नाही. आधी पूर्णांक करावा, मग श्रेणी लावावी, हे सांगणारी एक ओळ तक्त्याच्या माथ्यावर लिहिण्यास किती वेळ लागतो? हे तक्ते गुरुजनांनी शाळा सुटल्यावर आपल्या पदरच्या वेळात बनविलेले आहेत, सहकाऱ्यांना विनामूल्य वाटलेले आहेत, आणि त्यांची योग्यता मी कमी लेखीत नाही.

नकलांचा हा प्रश्न ज्या भूमीत आज पुन्हा उभा राहिला आहे, त्याच भूमीत तो सात शतकांपूर्वी जन्मास आला होता. प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्या खांबापाशी बसून ज्ञानेश्वरी सांगितली गेली असे मानतात, ज्याच्यावर दुर्गाबाई भागवतांनी 'पैस' हा लेख लिहिला, त्या खांबाचे दर्शन घेताना भाविकांच्या मनात काय येत असेल ते येवो. माझ्या मनात सच्चिदानंदबाबा आले. शके १२१२ मध्ये सांगितला गेलेला तो ग्रंथ त्यांनी लिहून घेतला, आणि तेथून नकला सुरू झाल्या. नकलकाराने एक शब्द चुकविला, पुढच्याने तो अडला म्हणून आपल्या समजुतीने बदलला, तिसऱ्याने आवडली म्हणून स्वतःची एक ओवी घातली. प्रत्येकाची श्रद्धा निर्मळ, आणि तरीही तीन शतकांच्या आत ग्रंथ पाठभेदांनी इतका ग्रासला गेला की शके १५०६, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांस निरनिराळ्या प्रती समोर घेऊन पाठाची शुद्धी करावी लागली. जुन्या कचेरीत यासच रुजुवात म्हणत. एकनाथांनी केलेले काम संपादकाचे होते, आणि शेवटी त्यांनी स्पष्ट ताकीदही नोंदवली की यापुढे कोणी आपल्या पदरच्या ओव्या यात मिसळू नयेत. केव्हा शुद्ध केले त्याचा शकही लिहून ठेवला. पुढे १९०९ साली इतिहाससंशोधक राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक जुनी प्रत छापली, आणि तीवरून विद्वानांत वाद माजले, हे खरे. पण वाद घालता आला तो अशासाठी की एकनाथांनी आपला हात कोठे व कधी लागला हे लपविलेले नव्हते.

आजच्या टिपणांना एकनाथ क्वचितच भेटतो. भेटतो तेव्हा तो बहुधा टिपणाखाली हरकत घेणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाच्या रूपाने भेटतो: 'हे अमुक आवृत्तीत चालत नाही', 'ऋण संख्येस चुकते', 'मराठीत ८२०५ काढू नका'. अनुभवी प्रोग्रामर टिपण वाचण्याआधी त्याखालच्या हरकती वाचतो. नवखा टिपण घेऊन पळतो. २०२२ च्या अखेरीपासून मात्र संभाषण करणारी यंत्रे हीच टिपणे घडवून देऊ लागली आहेत. ती देतात त्या ओळी पुष्कळदा बिनचूक असतात, कित्येकदा माणसाच्याहून सुबक असतात, आणि मी त्यांचा द्वेष्टा नाही. परंतु त्या ओळी असंख्य टिपणे पचवून आलेल्या असल्यामुळे त्यांच्यासोबत ना तारीख येते, ना हरकत, ना मूळ प्रतीचा दाखला. लुंडब्लाडचा दोष निदान कोणाचा होता हे सांगता आले.

या जिल्ह्यात बसून अशा सामाईक भांडवलाविषयी लिहिताना सहकाराची आठवण होणे अपरिहार्य आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नाने १९५० साली लोणीस उभा राहिलेला साखर कारखाना, त्यानंतर १९८३ साली लोणी, संगमनेर आणि कोपरगाव येथे साखरपट्ट्यातच निघालेली अभियांत्रिकी महाविद्यालये, आणि त्यांतून बाहेर पडून पुण्या-बंगळुरास आज्ञावल्या लिहीत बसलेली शेतकऱ्यांची मुले, अशी एक सरळ रेघ ओढता येते, आणि खुल्या टिपणांस 'नवा सहकार' म्हणण्याचा मोह सभांतील वक्त्यांस आवरत नाही. मला ही उपमा पटत नाही. कारखान्यास भागभांडवल होते, पोटनियम होते, वार्षिक सभा होती आणि, नावडता असला तरी, लेखापरीक्षक होता. टिपणास यांतले काहीच नसते. २०१६ च्या मार्चमध्ये अझर कोचुलू नावाच्या प्रोग्रामरने रागाच्या भरात आपले अकरा ओळींचे 'लेफ्ट-पॅड' हे टिपण सार्वजनिक कोठारातून काढून घेतले, आणि जगातील अनेक बड्या कंपन्यांची कामे काही तास ठप्प झाली. सभासद कारखान्यातून असा एका रात्रीत चक्र काढून नेऊ शकत नाही.

शेवटी जिल्ह्याच्या नावाकडे येतो, कारण टिपण लिहिणाऱ्याची खरी परीक्षा आज नगरातच चालू आहे. अहिल्याबाई होळकरांचे जन्मस्थान असलेल्या चोंडी येथे ३१ मे २०२३ रोजी नामांतराची घोषणा झाली, मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठराव केला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर मोर्तब झाले. नामांतराच्या योग्यायोग्यतेची चर्चा येथे कर्तव्य नाही. पण ज्यास या जिल्ह्याच्या पर्जन्याची, पिकांची, शाळांची आकडेवारी वर्षानुवर्षांची एकत्र जुळवायची आहे, त्याच्यापुढे २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांत 'अहमद'मधल्या 'म'पुढे 'ए' लिहिलेले नाव, इतर खात्यांत त्याच जागी 'ई' लिहिलेले नाव, आणि अलीकडच्या तक्त्यांत सर्वस्वी नवे नाव, असे तीन जिल्हे उभे राहतात. यंत्र त्या तिघांना सख्खे भाऊही मानीत नाही. त्यात जनगणनेने अकोले तालुक्याचे नाव इंग्रजीत विदर्भातल्या अकोल्याप्रमाणेच लिहिलेले, आणि कर्जत नावाचा एक तालुका येथे तर एक रायगडात. केवळ नावावरून जुळवणी करणारे टिपण सह्याद्रीच्या कुशीतील अकोल्याचा पाऊस वऱ्हाडात पाडते.

म्हणूनच जाणकार नावावर न विसंबता क्रमांकावर विसंबतात: जनगणनेत या जिल्ह्याचा क्रमांक ५२२, केंद्रीय पंचायतराज मंत्रालयाच्या निर्देशिकेत ४६६. नाव बदलले म्हणून क्रमांक बदलण्याचे कारण नसते. येथेही अपवाद आहेच. १७,०४८ चौरस किलोमीटरांचा, राज्यातील सर्वांत विस्तीर्ण असा हा जिल्हा असल्याने त्याच्या वाहनांस एक चिन्ह पुरले नाही. नगरास एमएच १६ आणि श्रीरामपुरास एमएच १७. वाहनाच्या पाटीवरून जिल्हा ओळखणाऱ्या टिपणात 'एक चिन्ह, एक जिल्हा' असे गृहीत धरले, की उत्तरेकडचे तालुके जिल्ह्याबाहेर पडतात.

नव्या जनगणनेचा संदर्भदिवस १ मार्च २०२७ ठरलेला आहे. तिचे तक्ते येईपर्यंत, ज्या टिपणात तिन्ही नावे शाबूत ठेवली आहेत, प्रत्येकापुढे ते कोणत्या दप्तरात कोणत्या तारखेपासून चालते याचा दाखला दिला आहे, आणि अकोले, कर्जत व एमएच १७ यांचे अपवाद नोंदले आहेत, तेच नगर जिल्ह्याच्या कामास घ्यावे. जुने नाव पुसून त्या जागी नवे लिहिणारे घेऊ नये, कारण २०११ चे तक्ते आता कोणीही पुन्हा छापणार नाही.